बाकावरची नोकरी

लॅमिनेशन या विषयावर मला थोडं अधिकाराने बोलता येतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. आपल्याकडे एखादा कागद महत्त्वाचा वाटला की माणूस आधी त्याला प्लॅस्टिकमध्ये घालून गरम करून आणतो. माझं पदवीचं प्रमाणपत्र वडिलांनी असंच गरम करून आणलं होतं. ‘आता याला आयुष्यभर काही होणार नाही,’ असं ते म्हणाले होते आणि पुढे कित्येक वर्षं त्याला खरंच काही झालं नाही. मलाही काही झालं नाही. मी इंग्रजीचा मास्तर झालो, फळे पुसले, वह्या तपासल्या, आणि पोरं कमी होत होत शेवटी एक दिवस असा आला की मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावून बसायला खुर्ची दिली. हा माणूस कुणाला खुर्ची देत नसे. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. ‘अतिरिक्त’ असा शब्द त्यांनी वापरला. आता वर्ग नाही, ऑफिसात बसून बाकीची कामं बघा, म्हणाले. बाकीची कामं म्हणजे पंखे मोजणे.

मी राजीनामा दिला. तो देताना माझ्या डोळ्यासमोर माझे साडू होते.

साडू हे नातं मोठं विचित्र आहे. एकाच सासूच्या तराजूत आयुष्यभर दोघांना बसवलेलं असतं आणि आपलं पारडं कधीच खाली जात नाही. माझे साडू एकदा टूरबरोबर परदेशात जाऊन आले होते, आणि तेव्हापासून परदेश हा विषय घरात त्यांच्याकडेच होता. ते म्हणाले, “अहो सर, तिकडे इंग्रजीच्या मास्तरांचा दुष्काळ आहे. विमानातून उतरल्या उतरल्या उचलतात.”

“पण आधी नोकरी ठरवून जायला नको का?”

“इथून काय ठरवता? भाजी फोनवर निवडता का तुम्ही? समोर जाऊन उभं राहायचं. समोरच्या माणसाला भाव वेगळा मिळतो.”

हे पटण्यासारखं नव्हतं, पण मला पटलं. पंखे मोजलेल्या माणसाला काहीही पटतं. मला पैसाअडका नको होता, देश बघायची हौस नव्हती. कुठेतरी एक वर्ग हवा होता, त्यात बाकावर माणसं हवी होती आणि मी आत गेल्यावर त्यांनी बोलणं थांबवायला हवं होतं. एवढंच.

बायको म्हणाली, “जायचं तर दोघं जाऊ. तुम्हाला समोर दूध उतू गेलेलं दिसत नाही, तिथे काय दिसणार?”

तर प्रमाणपत्र. परदेशात दाखवायच्या कागदावर सरकारी शिक्का लागतो, हे साडूंनी सांगितलं नव्हतं. टूरवाल्यांना तो लागत नसावा. शिक्क्याच्या कार्यालयातल्या कारकुनाने माझं प्रमाणपत्र उजेडात धरलं, वाकवून बघितलं आणि काउंटरवर ठेवलं. ते घसरून माझ्याकडे आलं.

“प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही,” तो म्हणाला. “काढून आणा.”

“काय?”

“प्लॅस्टिक.”

“ते निघतं का पण?”

“तो आमचा विभाग नाही.”

इथे खरं तर मी थांबायला हवं होतं. पण संध्याकाळपर्यंत ही बातमी आमच्या इमारतीत पसरली आणि मग ते प्रमाणपत्र माझं राहिलं नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी ते फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं. गारठ्याने प्लॅस्टिक आपोआप सुटतं, असा त्यांचा अनुभव होता. कशावरचा, ते त्यांना आठवेना. इमारतीचे सेक्रेटरी इस्त्रीच्या बाजूने होते. गरम करून चिकटवलेली वस्तू गरम करूनच निघणार, हे त्यांचं म्हणणं शास्त्रीय वाटत होतं. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर आपली बारीक हत्यारं घेऊन स्वतः वर आले. “हिरडी सोडवतो तसं सोडवू. घाई करायची नाही,” म्हणाले. कुणाचं मन दुखवायला नको म्हणून तिन्ही उपाय त्याच क्रमाने झाले. आधी गारठा, मग इस्त्री, मग हिरडी. सेक्रेटरींनी इस्त्री धरली होती, काकू फुंकर मारत होत्या, आणि डॉक्टरांनी ‘आ करा’ म्हणावं तशा सुरात ‘हलू नका’ म्हटलं.

प्लॅस्टिक निघालं. एका दमात, अख्खं निघालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बायकोने ते प्लॅस्टिक उचलून खिडकीशी धरलं आणि म्हणाली, “अहो, यावर काहीतरी लिहिलेलं आहे.”

कागदावर माझं नाव राहिलं होतं, विद्यापीठाचं नाव राहिलं होतं. मी उत्तीर्ण झालो ही ओळ आणि कुलगुरूंची सही मात्र प्लॅस्टिकबरोबर गेली होती. शिक्क्याच्या कारकुनाने पुन्हा कागद उजेडात धरला. शिक्का आता बसेल, पण कशावर मारू, असं त्याने विचारलं. दुसरी प्रत मिळायची सोय होती. त्यासाठी पहिली प्रत चांगल्या स्थितीत जमा करावी लागत होती.

त्याच आठवड्यात निरोप समारंभ झाला. खरं तर मी सेक्रेटरींना म्हटलं होतं की जाण्याचं अजून नक्की नाही. ते म्हणाले, “हॉल आत्ताच मोकळा आहे हो, तुमचं नक्की व्हायची वाट बघत बसलो तर मिळायचा नाही.” समारंभात सगळे बोलले. साडू सर्वांत जास्त बोलले. माझ्या हातून परदेशातल्या पिढ्या घडणार आहेत असं ते म्हणाले, आणि डॉक्टरांनी मान डोलावली. इमारतीतर्फे मला चाकांची मोठी बॅग मिळाली. सेक्रेटरींचा भाचा आमच्या घरात भाड्याने राहायला येणार होता. तो समारंभ चालू असतानाच वर जाऊन पडद्यांची मापं घेऊन आला. निरोप समारंभ झालेल्या माणसाला न जाण्याची सोय राहत नाही. गेल्यावर लगेच परत यायची तर त्याहून नाही. राजीनाम्याचं मला तितकं काही वाटलं नव्हतं, पण ती बॅग मी भिंतीकडे तोंड करून ठेवली.

विमानातून उतरल्या उतरल्या आम्हाला कुणी उचललं नाही. बॅगही आम्हीच उचलली.

खोली मिळाली ती एका लाँड्रीच्या वर. खाली दिवसभर मोठमोठी मशीनं फिरत आणि त्यांनी वेग घेतला की आमची कॉट हळूहळू दाराकडे चालू लागे. संध्याकाळी आम्ही दोघं मिळून ती परत भिंतीला लावत असू. भिंती कोमट असत. कपड्यांना, केसांना, पाण्याच्या पेल्याला साबणाचा वास येई. बायको पहिल्या दिवशी म्हणाली, “निदान स्वच्छ तरी आहे.” त्यानंतर खोलीबद्दल ती चांगलंही बोलली नाही आणि वाईटही बोलली नाही. मी रोज शर्ट खोचून बाहेर पडायचो आणि ती खिडकीत उभी राहायची. तिला तिथली भाषा येत नव्हती आणि इंग्रजी तर तिला कधीच आलं नाही. लाँड्रीवाल्या बाईंशी ती खुणांनी बोलायची. त्या दोघी एकमेकींना कपडे दाखवून माना हलवत, आणि तेवढ्या बोलण्यावर आमच्या हिचा दिवस जायचा.

इंग्रजीच्या शाळा त्या शहरात खरोखरच गल्लोगल्ली होत्या. साडूंचं तेवढं बरोबर होतं. प्रत्येक शाळेत काउंटरच्या मागे एक हसरी मुलगी असे. मी इंग्रजीचा शिक्षक आहे असं म्हटलं की ती माझ्या खांद्यावरून मागे बघायची. मागून खरे शिक्षक येत असतील, हे त्यांचं सामान घेऊन पुढे आले असतील, असा काहीतरी तिचा समज व्हायचा. मागून कुणी येत नाही असं दिसलं की हसू जरा कमी होई. भिंतीवर शिक्षकांचे फोटो लावलेले असत. सगळे सोनेरी केसांचे, सगळे तरुण, सगळ्यांचे दात आमच्या डॉक्टरांना काम न देणारे. माझा फोटो त्या भिंतीवर कुठे बसेल, हे मलाही सांगता आलं नसतं.

एखाद्या ठिकाणी गोष्ट प्रमाणपत्रापर्यंत जायची.

“यात तुम्ही पास झाल्याचं कुठे लिहिलंय?”

“लिहिलं होतं,” मी म्हणायचो.

मी ते प्लॅस्टिकही बरोबर ठेवलं होतं. कागदावर बरोबर जुळवून धरलं तर सगळं नीट वाचता येत असे. पण ते जुळवेपर्यंत समोरचा माणूस घड्याळ बघू लागे. भेटीच्या परवान्याची, म्हणजे व्हिसाची, मुदत संपत आली होती. बायको रोज संध्याकाळी ‘काय झालं’ असं विचारायची. मग तिने ते विचारणं सोडलं आणि नुसतंच पाणी द्यायला लागली. ते मला जास्त लागलं.

शेवटी एका संस्थेने मला नमुन्याचा तास घ्यायला बोलावलं. ही संस्था एका दुकानाच्या माडीवर होती. तिचा मालक जाडा, घामाघूम आणि कायम घाईत असलेला माणूस होता. तो म्हणाला, कागद जाऊ द्या, शिकवून दाखवा. हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मी वर्गात शिरलो. बाकावर माणसं होती. त्यांनी बोलणं थांबवलं. मी खडू घेतला, फळ्याकडे वळलो, आणि मला कितीतरी महिन्यांनी आपण जिवंत आहोत असं वाटलं. जे काही शिकवलं ते झकास शिकवलं. उदाहरणं दिली, एक विनोद केला, मागच्या बाकावरच्या जांभई देणाऱ्याला उठवलं. वर्ग माना खाली घालून लिहून घेत होता. तास संपवून मी वळलो तेव्हा मालक दारात उभा होता आणि त्याचं तोंड उघडं होतं.

“हे तुम्ही कोणत्या भाषेत शिकवलंत?” त्याने विचारलं.

आता बघा, आमच्या शाळेत इंग्रजी हे मराठीतूनच शिकवतात. मी स्वतः तसाच शिकलो. इंग्रजी फळ्यावर असतं आणि मास्तर मराठीत असतो, ही माझ्या दृष्टीने निसर्गाने करून ठेवलेली व्यवस्था होती. अख्ख्या तासात मी फळ्यावर जे लिहिलं तेवढंच इंग्रजी. बाकी सगळं, त्या विनोदासकट, शुद्ध मराठीत झालं होतं. ज्यांनी माना खाली घालून लिहून घेतलं त्यांनी काय लिहून घेतलं असेल, या विचाराने मला अजूनही दरदरून घाम फुटतो.

मी बाहेर पडत होतो तेवढ्यात मालकाने हाक मारली. त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं, जरा मागे सरकून एक डोळा बारीक करून बघितलं, आणि विचारलं, “बसाल का?”

“कुठे?”

“बाकावर.”

तर असं होतं. संस्थेला विद्यार्थी कमी होते आणि रिकामा वर्ग दाखवून नवे विद्यार्थी येत नाहीत. म्हणून मालकाने काही माणसं पगारावर बाकावर बसवली होती. चौकशीला गिऱ्हाईक आलं की काउंटरवरची मुलगी बटण दाबायची, वर्गात फळ्यावरचा छोटा दिवा लागायचा, आणि सगळे विद्यार्थी होऊन जायचे. माझ्या शेजारी एक निवृत्त टॅक्सीवाले होते. ते दिवा लागेपर्यंत झोपत आणि लागला की डोळे उघडायच्या आधी हात वर करत. मालकाला माझा चेहरा आवडला होता. माझ्याकडे बघून या माणसाला काहीच येत नाही हे लांबूनही कळतं, असं त्याने अगदी मनापासून सांगितलं. शिवाय संस्थेचा विद्यार्थी म्हणून मला राहण्याचा परवाना वाढवून मिळणार होता.

परवान्याच्या कार्यालयातल्या बाईंनी माझा फोटो बघितला, माझं वय बघितलं आणि खुर्चीतून उठून माझ्याशी हात मिळवला. या वयात इंग्रजी शिकायला सुरुवात करणं सोपं नाही, म्हणाल्या. मी त्यांचे आभार मानले, जमेल तितक्या मोडक्या इंग्रजीत.

बायकोला मी खोटं काही सांगितलं नाही. संस्थेत लागलो, असं सांगितलं. दिवसभर वर्गात असतो, असंही सांगितलं. तिने लगेच ताईला फोन केला, म्हणजे साडूंच्या घरी. तिकडून साडूंचा आवाज खोलीभर ऐकू येत होता: “मी म्हटलं नव्हतं? समोर जाऊन उभं राहायचं!” समोर कोण उभं होतं, हे मात्र मला रोज दिसत होतं. समोर एक सोनेरी केसांचा पोरगा उभा असायचा. तो जग बघायला निघाला होता आणि या शहरात त्याचे पैसे संपले होते. स्वभावाने गरीब होता, पण फळ्यावर सरळ ओळीत लिहायचा नाही. त्याची अक्षरं चढावर चालल्यासारखी वर वर जात, आणि मला बाकावरून उठून ती पुसावीशी वाटत. वर्ग त्याला सर म्हणायचा. मी म्हणायचो, कारण तसं म्हणण्याचाच मला पगार मिळत होता, पण प्रत्येक वेळी जीभ जड व्हायची.

माझं काम सोपं होतं. दिवा लागला की मास्तर मला प्रश्न विचारणार. मी आधी चुकायचं, मास्तरांनी समजावायचं आणि मग मी चटकन बरोबर सांगायचं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोळ्यादेखत प्रगती. चुकण्यात माझा हात कुणी धरला नसता. आयुष्यभर तपासलेल्या वह्यांतल्या सगळ्या चुका माझ्यापाशी जमा होत्या. कोणती कोणत्या पोराची हेही आठवत होतं. मालक खूश होता. “तुम्ही फार खरं चुकता,” असं तो एकदा म्हणाला. त्या दिवशी मी घरी जाताना लाँड्रीच्या काचेत स्वतःकडे बघितलं नाही.

एकदा मी डबा विसरलो. दुपारी दिवा लागला. टॅक्सीवाल्यांनी झोपेतच हात वर केला. दार उघडलं आणि मालकाच्या मागून, हातात डबा घेऊन, आमची ही आत आली.

काउंटरवरच्या मुलीला तिचं बोलणं कळलं नव्हतं. ज्या बाईला इंग्रजी येत नाही ती चौकशीलाच आली असणार, हे उघड होतं. मालकाने तिला अदबीने खुर्ची दिली. मग माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, “या गृहस्थांना बघा. आले तेव्हा यांना स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नव्हतं.” आणि त्याने पोराला खूण केली. पोराने मला उभं केलं. तुम्ही काय काम करता, असं विचारलं.

मी उभा राहिलो. बायको माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असावं की मी बाकावर एखाद्या विद्यार्थ्याची वही बघायला बसलो होतो. तशी ती थोडी हसलीही. मला नीट उत्तर देता आलं असतं. एक वाक्य नीट बोललो असतो तर नोकरी गेली असती, परवाना गेला असता, आणि तीच बॅग ओढत आम्ही त्याच इमारतीच्या दारात उभे राहिलो असतो. मी चुकलो. अडखळलो, शब्द मागेपुढे केले, कपाळावरचा घाम पुसला. तो घाम खरा होता. पोराने समजावलं, मी बरोबर सांगितलं, वर्गाने टाळ्या वाजवल्या. मालकही वाजवायला लागला. बायकोने डबा मांडीवर ठेवला आणि तिनेही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांचं थांबल्यावर तिचं थांबलं.

संध्याकाळी कॉट दाराकडे चालत आली होती. आम्ही ती भिंतीला लावली. मग ती कॉटवर बसली.

“पहिल्यापासून?” तिने विचारलं.

“हो.”

“आणि मी आपली रोज तुमचे पाय चेपते. उभं राहून राहून दमत असतील म्हणून.”

“बसूनही दुखतात गं.”

मी साडूंचं नाव घेऊन बघितलं. सगळं त्यांच्यामुळे झालं, म्हटलं. एरवी माहेरच्या माणसाला नाव ठेवलं की ती उसळते. आज उसळली नाही. मला भीती वाटली. रडली असती तर मला काय करायचं ते कळलं असतं.

“तुमचे मालक मला काहीतरी विचारत होते,” शेवटी ती म्हणाली. “बाकाकडे बोट दाखवत होते. फी मागत असतील असं वाटून मी नाही म्हटलं, तर ते उलट मलाच पैसे दाखवायला लागले. म्हणजे काय हो?”

म्हणजे काय ते मी सांगितलं. खरंच काही न येणारं माणूस मालकाला मिळालं होतं, ते तो सोडणार नव्हता.

“मग मी येते,” ती म्हणाली.

“तू? तिथे?”

“इथे त्या मशीनचं तोंड बघत बसण्यापेक्षा तुमचं बघेन.”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही शेजारी शेजारी बसायला लागलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एका बाकावर आम्ही कधी बसलो नव्हतो. पोरगा फळ्यावर चढत्या ओळीत काहीतरी लिहायचा, ती माझ्याकडे झुकून विचारायची, “काय म्हणतोय?” आणि मी पुस्तकाआडून, कुजबुजत, मराठीत सांगायचो. आधी अर्थ सांगायचो. मग असं का म्हणतात ते सांगायचो. मग एखादं उदाहरण द्यायचो, आमच्या घरातलं, सासूबाईंचं किंवा सेक्रेटरींच्या भाच्याचं, आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. घरी स्वयंपाक करताना ती शब्द घोकायची. चुकली की माझ्याकडे बघायची, मी मान हलवली की पुन्हा म्हणायची. माझ्याकडे मान वर करून असं कुणी बघितल्याला किती काळ झाला होता! मला फार बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती, कारण दिवा लागला की आम्ही दोघंही अडाणी होऊन हात वर करत होतो.

हे पोराच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. मास्तर कितीही कच्चा असला तरी वर्गात कोण बोलतंय हे त्याला कळतंच. त्याने एकदा बजावलं, दोनदा बजावलं. तिसऱ्या वेळी त्याने खडू ठेवला आणि मला वर्गाबाहेर जायला सांगितलं.

मी आयुष्यात कितीतरी पोरांना वर्गाबाहेर काढलं असेल. बाहेर गेल्यावर माणूस काय करतो, याचा मी कधी विचार केला नव्हता. काही करत नाही. भिंतीला टेकतो, मग शिक्षा झालेल्यासारखं दिसू नये म्हणून भिंतीपासून दूर होतो, मग पुन्हा टेकतो. टॅक्सीवाल्यांनी दारातून माझ्याकडे बघून डोळा मारला. आणि मी तिथे उभा असतानाच जिन्यावर पावलं वाजली. मालक एक अख्खं कुटुंब घेऊन वर येत होता. आई, वडील, आजोबा आणि दोन मुली. एवढं मोठं गिऱ्हाईक संस्थेत कधी आलं नव्हतं. मालकाने मला ‘इथे काय करताय’ अशी खूण केली, पण थांबायला वेळ नव्हता. सगळे आत गेले. दार उघडंच राहिलं.

मी आत नव्हतो. म्हणून पोराने माझ्याऐवजी आमच्या हिला उभं केलं.

तिला काय करायचं ते माहीत होतं. प्रश्न विचारला की गोंधळायचं, माझ्याकडे नाहीतर टॅक्सीवाल्यांकडे बघायचं, ‘नो, नो’ म्हणायचं आणि बसायचं. ती ते सुंदर करायची. पोराने तिला नेहमीचा प्रश्न विचारला. तुम्ही इथे इंग्रजी शिकायला का आलात?

ती गोंधळली नाही. तिने पदर नीट केला आणि एकेक शब्द सुटा सुटा, खणखणीत आवाजात, मी घरी स्वयंपाकाच्या वेळी तिच्याकडून म्हणवून घेतला होता तसा, इंग्रजीत म्हणाली, “मी माझ्या नवऱ्याकडून शिकते. माझा नवरा शिक्षक आहे. तो फार चांगला शिक्षक आहे.”

एकही चूक नव्हती. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो आणि सवयीने माझं बोट हवेत बरोबरची खूण करत होतं. मालकाचा चेहरा पांढरा पडला. गिऱ्हाईक कुटुंबातले आजोबा मात्र खूश झाले. हिला इथे इतकं चांगलं शिकवणारे ते शिक्षक कुठे आहेत, त्यांना भेटायचं आहे, असं ते म्हणू लागले. मालक काहीतरी बोलायला गेला. तेवढ्यात हिने दाराकडे हात केला.

“तिथे,” ती म्हणाली.

सगळा वर्ग वळून बघायला लागला. आजोबा, आई, वडील, त्या दोन मुली, टॅक्सीवाले, पोरगा. शिक्षा म्हणून बाहेर उभा केलेला मी त्यांना दिसलो. कुणीही बोलत नव्हतं.

आम्हा दोघांची नोकरी गेली हे मला मालकाच्या तोंडावरूनच कळलं होतं. मी शर्ट नीट खोचला आणि आत गेलो, कारण बाहेर तरी किती वेळ उभं राहणार?